खाली खाज आली की फंगसच असतं का?

रानजाई

हा धागा काढू की नको, असं करत महिना घालवला. शेवटी काढतेय, कारण मला जे कळायला साडेतीन वर्षं लागली ते दुसऱ्या कुणाला साडेतीन आठवड्यांत कळलं तर बरंच. 'अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. माझा जावई डॉक्टर नाही, तरीही मी कुणाला दाखवलं नाही.

वय ५३. पाळी जाऊन चार वर्षं झाली. त्याच सुमारास खाज सुरू झाली. दिवसा कामाच्या नादात विसरायला व्हायचं, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. झोपेत खाजवायचं आणि सकाळी नखात रक्त. अंगावरून काही जात नव्हतं, वास नव्हता, नुसती खाज. पहिल्या डॉक्टरीणबाईंनी लक्षणं ऐकली, 'फंगल आहे' म्हणाल्या आणि मलम नि गोळी लिहून दिली. टेबलावर झोपा, बघते, असं काही म्हणाल्या नाहीत. खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखंच वाटलं. मलमाने चार दिवस बरं वाटायचं (कोरड्या कातडीला काहीही चोपडलं की चार दिवस बरं वाटतं, हे आता कळतंय), मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुढे तर मी डॉक्टरांकडे जाणंच सोडलं. तीच ट्यूब, तीच गोळी, आपली आपणच आणायची.

गेल्या वर्षी लघवी करताना चरचरायला लागलं. लघवीची तपासणी केली, त्यात काही नाही. नवऱ्याजवळ जायची भीती वाटायला लागली, कारण कातडी अक्षरशः चिरायची. मग दुसऱ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी दिवा जवळ ओढला, भिंग घेतलं, दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. नंतर हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, "तुम्हीच बघा."

त्रेपन्न वर्षांत मी तिथे कधी नीट पाहिलं नव्हतं. पांढरं होतं सगळं. चुरगळलेल्या पातळ कागदासारखं, चकचकीत, मधे मधे जांभळट ठिपके. हा पांढरा भाग वरून खाली येऊन शौचाच्या जागेभोवतीही वळसा घेत होता, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. आतल्या पाकळ्या जवळजवळ बाहेरच्या कातडीत विरघळून गेल्या होत्या. आजाराचं नाव लायकेन स्क्लेरोसस. तुकडा काढून तपासला, तेच निघालं.

गेलेल्या पाकळ्या परत येत नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. खाज मात्र तीन आठवड्यांत थांबली. साडेतीन वर्षांची खाज, तीन आठवड्यांत!

अजून कुणाला असलं काही झालंय का? फंगस नसलेलं, पण फंगस म्हणून खपवलेलं? लिहा. नाव बदलून लिहिलं तरी चालेल.


टिटवी

ताई, धागा काढल्याबद्दल खूप आभार. मी ३८ ची, मला वर्षभर खाज आहे. पण पांढरं वगैरे आहे की नाही कोण बघणार? स्वतः बघायचं म्हणजे नेमकं कसं?


रानजाई

टिटवी, भरपूर उजेडात, उशीला टेकून बसायचं, गुडघे बाजूला, हातभर अंतरावर आरसा. मोबाईलचा दिवा चालतो. बाहेरच्या जाड पाकळ्या बोटांनी अलगद बाजूला करायच्या, आतल्या पातळ पाकळ्या दोन्हीकडे सारख्या आहेत का बघायच्या, वरच्या टोकाची शिश्निका (क्लिटोरिस) आणि तिच्यावरचं कातडीचं झाकण हलतं का बघायचं, मग खाली शौचाच्या जागेपर्यंत. रंग, भेगा, जाडी. आज जसं आहे ते लक्षात ठेवलं की पुढच्या महिन्यात काही बदललं तर कळतं. पहिल्यांदा बघताना सगळंच विचित्र वाटतं, घाबरू नकोस.

आणि शब्दांचा किती घोळ आहे बघ. बाहेरच्या सगळ्या भागालाही आपण 'योनी' म्हणतो आणि आतल्या मार्गालाही. बाहेरच्या भागाला 'भग' हा शब्द आहे, पण तो शब्दकोशात राहतो, तोंडात येत नाही. मी डॉक्टरांना 'आत खाज येते' असं सांगत होते. खाज पूर्ण बाहेर होती. एका शब्दाच्या चुकीने त्यांचंही लक्ष भलतीकडे गेलं असेल.


पानझड

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण रानजाईंनी लिहिलेल्या गोष्टीत काही खुणा आहेत त्या उलगडून सांगतो.

पहिली खूण वयाची. फंगस, म्हणजे कॅन्डिडा, वाढायला इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या शरीरातलं हार्मोन, लागतं. त्यामुळे पाळी चालू असलेल्या वयात तो खूप दिसतो. पाळी गेल्यावर, मधुमेह नाही, हार्मोनची औषधं नाहीत, नुकतीच अँटिबायोटिक्स घेतलेली नाहीत, आणि तरीही 'वारंवार फंगल' होतंय, तर निदानावर शंका घ्यावी. स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना, तपासायला पाठवल्याशिवाय तिसऱ्यांदा तेच औषध देऊ नये आणि घेऊही नये.

दुसरी खूण म्हणजे रात्रीची खाज आणि पांढरेपणा. पांढरं म्हणजे कोडही असू शकतं, पण कोडात फक्त रंग जातो. कातडीचा पोत तसाच मऊ राहतो, खाज सहसा नसते, आकार बदलत नाही. लायकेन स्क्लेरोससमध्ये कातडी पातळ, सुरकुतलेली, सहज चिरणारी होते आणि हळूहळू रचनाच पुसली जाते. हा आजार योनीच्या आत मात्र जवळपास जात नाही, तो बाहेरच राहतो.

हा संसर्ग नाही. नवऱ्याकडून आलेला नाही, त्याला होणार नाही, अस्वच्छतेमुळे तर नाहीच. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच कातडीवर उलटते असं मानलं जातं. या बायकांमध्ये थायरॉइडचे आजार इतरांपेक्षा जास्त आढळतात, म्हणून ती तपासणी करून घ्यायला हरकत नाही. दोन वयांत तो जास्त दिसतो, पाळी यायच्या आधीच्या मुलींमध्ये आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये. पुरुषांनाही होतो, तिथे पुढची कातडी घट्ट होऊन मागे सरत नाही.

उपचार म्हणजे अतितीव्र स्टेरॉइडचं मलम. बहुतेक ठिकाणी क्लोबेटासॉल ०.०५ टक्के वापरतात, तेही क्रीम नको, चिकट मलम हवं. क्रीममध्ये टिकवणारी रसायनं जास्त असतात, ती झोंबतात. नेहमीची पद्धत अशी, की पहिला महिना रोज रात्री एकदा, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. त्यानंतर काय, ते तपासून ठरतं.


कुंपण

डॉक्टर, इथेच तर माझं घोडं अडलंय. मला हेच निदान झालं, हेच मलम दिलं. घरी येऊन आतला कागद वाचला, तर त्यात 'चेहरा व जननांगांवर वापरू नये' असं छापलेलं! केमिस्टही म्हणाला, बाई, हे तिथे लावायचं नसतं, कातडी पातळ होते. माझी कातडी आधीच पातळ झालेली. मी ट्यूब कपाटात ठेवून दिली. सहा महिने झाले.


पानझड

कुंपण, ही तक्रार मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो, आणि दोष तुमचा नाही. कागदावरची सूचना सरसकट वापरणाऱ्यांसाठी असते. हा आजार तिला अपवाद आहे. तुमची कातडी पातळ केलीय ती आजाराने, आणि मलम तो आजार थांबवतं.

घाबरायचं ते प्रमाणाला. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली, की ते साधारण अर्धा ग्रॅम होतं. तेवढं किंवा त्याहूनही कमी एका वेळेला पुरतं. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने जायला हवी. एका महिन्यात संपली तर तुम्ही जास्त लावताय. वर्षभर तीच उरली तर तुम्ही लावतच नाही आहात. (ट्यूब बघूनच पेशंटचा स्वभाव कळतो, असं आमचे एक सर म्हणायचे.) आणि जिथे पांढरं आहे तिथेच लावायचं. मांडीवर, केसांच्या भागावर पसरवलं तर तिथली चांगली कातडी खरंच पातळ होईल. आरसा त्यासाठीही लागतो.

मलम न लावण्याचा धोका जास्त मोठा आहे. उपचाराविना राहिलेल्या लायकेन स्क्लेरोससमध्ये त्या जागेचा कर्करोग थोड्या बायकांना होतो, सर्वसाधारणपणे ५ टक्क्यांच्या आत. २०१५ साली ऑस्ट्रेलियातून ५०७ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मलम नियमित लावत राहिल्या त्यांच्यात एकीलाही कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था झाली नाही. ज्या मनाला येईल तसं लावत होत्या त्यांच्यात ४.७ टक्के बायकांना झाली. हे आकडे मी भीती घालायला सांगत नाहीये. कपाट उघडा, पण त्याआधी सहा महिन्यांत काय बदललंय ते एकदा दाखवून या.


मेघवेडी

माझं रानजाईताईंच्या उलट. पांढरं नाही, लालभडक. काचेसारखं गुळगुळीत लाल, योनीच्या तोंडाशी, आणि कडेला पांढरी जाळीदार किनार. खाज कमी, जळजळ भयंकर. लघवी म्हणजे शिक्षा. नुसता कापूस टेकला तरी रक्त यायचं. मला दोन वर्षं 'कोरडेपणा आहे, इस्ट्रोजेन क्रीम लावा' सांगत होते.

निदान कुणी केलं असेल? दातांच्या डॉक्टरांनी! हिरड्या लाल होऊन सोलत होत्या म्हणून गेले, तर त्यांनी गालाच्या आतल्या बाजूला पांढरी जाळी दाखवली आणि हळूच विचारलं, "खाली काही त्रास आहे का?" मी अवाक. लायकेन प्लॅनस. तोंड आणि योनी दोन्हीकडे एकाच वेळी होणारा प्रकार असतो. नाव भावंडासारखं, पण आजार वेगळा. हा आतही जातो. माझ्या योनीच्या भिंती एकमेकींना चिकटायला लागल्या होत्या.

स्टेरॉइड मलम बाहेर, आत लावायचं वेगळं औषध, आणि भिंती चिकटू नयेत म्हणून डायलेटर, म्हणजे आत घालायची गुळगुळीत कांडी. ही वस्तू पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा रडले होते. आता दात घासण्याइतकं सवयीचं झालंय. पूर्ण बरं नाही. साठ-सत्तर टक्के म्हणेन. पण तुमच्यापैकी कुणाला खाली जळजळ आणि तोंडात सतत सोलणं, असं दोन्ही असेल, तर दोन्ही डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा. मी आपली वरचं वरच्यांना, खालचं खालच्यांना सांगत होते.


सोनसाखळी

इतकी रासायनिक मलमं लावण्यापेक्षा पाल्याचा रस, तुरटीचं पाणी असं काहीतरी नैसर्गिक का करत नाही कुणी? आमच्याकडे बायका वर्षानुवर्षं तेच करत आल्या.


टिटवी

मी केलं होतं. तुरटीच्या पाण्याने दोन दिवस चालता येत नव्हतं. जाऊ दे.


पानझड

सोनसाखळी, तुमचा हेतू चांगला आहे. पण तिथली कातडी हाताच्या कातडीसारखी नाही. ती ओलसर असते, घासली जाते, आणि लावलेली गोष्ट पटकन शोषून घेते. वनस्पतींचे रस, सुगंधी तेलं, जंतुनाशक द्रावणं, ओले टिश्यू, 'इंटिमेट वॉश' या सगळ्यांनी संपर्काचा दाह होऊ शकतो. बधिर करणाऱ्या काही क्रीममधल्या बेन्झोकेनची ॲलर्जी तर फार नेहमीची. मी पेशंटला आधी यादी करायला सांगतो की दिवसभरात तिथे काय काय लागतं. साबण, पॅड, कपडे धुवायचा साबण, केस काढायचं क्रीम, मागच्या वर्षीची जुनी ट्यूब. यादी साधारण दहा-बाराची निघते. मग सगळं बंद. साधं पाणी, धुवायला साबणाऐवजी बिनवासाचं मॉइश्चरायझर, आणि वर पेट्रोलियम जेलीचा थर. लघवी झोंबत असेल तर लघवीच्या आधीही जेली लावावी आणि लघवी करताना वरून कोमट पाणी ओतावं.

आणखी एक. तीन-चार औषधं एकत्र केलेली मलमं, फंगसचं, बॅक्टेरियाचं आणि वर स्टेरॉइड, ही स्वतःहून आणून जांघेत लावू नका. खरोखरचा गजकर्ण असेल तर स्टेरॉइडने तो दबतो, रूप बदलतो, आणि आत पसरत राहतो. मग तो ओळखणं आम्हालाही जड जातं. कुंपणना मी स्टेरॉइड लावा म्हणतो आणि इथे लावू नका म्हणतो, हे विसंगत वाटेल. निदान आधी, मलम नंतर, एवढाच त्यातला फरक.


छोटीची_आई

इथे लिहायला हात थरथरतोय. माझी मुलगी सहा वर्षांची. तिला शौचाला त्रास व्हायचा, रोखून धरायची, खाजवायची. एक दिवस चड्डीला रक्त. बघितलं तर पांढरं, आणि त्यावर रक्ताळलेले डाग, मार लागल्यासारखे. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते कुठल्याही आईला कळेल. डॉक्टरांच्या मनातही तेच आलं. त्यांनी मला बाहेर बसवून मुलीशी वेगळं बोलून घेतलं, मला तेव्हा राग आला, आता नाही येत. नंतर बालत्वचारोगतज्ज्ञांनी एका नजरेत सांगितलं, लायकेन स्क्लेरोसस.

मलम चालू आहे, शौच मऊ राहावं म्हणून औषध चालू आहे, खाज थांबली. पण पाळी आली की आपोआप जातं म्हणतात, ते खरं का?


पानझड

पूर्वी तसं समजत असत. काहींचं शांत होतं, पण बऱ्याच मुलींमध्ये तो पुढेही राहतो, फक्त तक्रार कमी होते म्हणून लक्ष जात नाही. त्यामुळे वयात आल्यावरही तपासणी सोडू नका. मुलांमध्ये शक्यतो तुकडा काढत नाहीत, नुसतं बघून निदान होतं. रक्ताळलेले डाग या आजारात येतात आणि ते अत्याचाराच्या खुणांसारखे दिसू शकतात. एक असलं म्हणजे दुसरं नसतंच असंही नाही, म्हणून डॉक्टरांनी वेगळं विचारलं ते बरोबरच केलं. तुम्ही ते समजून घेतलंत, याचं कौतुक वाटतं.


अनामिका१७

माझ्या १५ वर्षांच्या मुलीला तापानंतर तिथे दोन खोल जखमा झाल्या. समोरासमोर, आरशात बघितल्यासारख्या, तळाला काळपट. रडत होती लघवी करताना. एका ठिकाणी तिला इतक्या वाईट पद्धतीने 'कुणाबरोबर होतीस' विचारलं की ती आठवडाभर बोलली नाही. सगळ्या तपासण्या झाल्या, नागीण (हर्पिस) नाही, सिफिलिस नाही, काही नाही. तीन आठवड्यांत जखमा भरल्या, व्रणही नाही. लिपशुट्झ अल्सर असं नाव सांगितलं. विषाणूच्या तापानंतर शरीर असं उलटतं, लैंगिक संबंधाशी काही संबंध नसतो. वेदनाशामक, बधिर करणारं लिडोकेन जेल आणि टबमध्ये बसून लघवी, एवढ्यावर भागलं.


मेघवेडी

अनामिका, लेकीला मिठी दे माझ्याकडून. आणि त्या विचारणाऱ्याला काय द्यावं ते इथे लिहिता येणार नाही.


पानझड

अनामिका, असं पुन्हा पुन्हा झालं, आणि तोंडातही वारंवार छाले येत असतील, तर बेहचेटचा विचार करावा लागतो. हुलुसी बेहचेट या तुर्की त्वचारोगतज्ज्ञाने १९३७ साली वर्णन केलेला आजार. त्यात डोळ्यांनाही इजा होते. एकदाच होऊन गेलं असेल तर चिंता करू नका, नुसतं लक्षात असू द्या. आतड्यांच्या क्रोहन आजारातही तिथे सुरीने कापल्यासारख्या लांबट चिरा आणि एका बाजूला सूज येते, कधी कधी पोटाच्या तक्रारीच्या आधीच.


उंबरठा

धागा वाचून आईची गोष्ट लिहावीशी वाटली. आई ७१ ची. बाहेरच्या पाकळीवर एका बाजूला लाल, ओलसर चट्टा, त्यावर पांढरे पापुद्रे. खाज. 'एक्झिमा' म्हणून दोन वर्षं मलमं झाली. चट्टा इंचाइंचाने मोठा होत होता, पण इतका हळू की आम्हाला ते बरं न होणं वाटायचं, वाढणं वाटायचं नाही. तुकडा तपासला तेव्हा कळलं, पॅजेट्स. स्तनाबाहेरचा पॅजेट. कातडीतलाच कर्करोग, पण हळू पसरणारा.

मग आतड्याची, मूत्राशयाची तपासणी झाली, कारण कधी कधी आत दुसरीकडे कर्करोग असतो आणि कातडीवर हे दिसतं. आईला सुदैवाने आत काही निघालं नाही. शस्त्रक्रिया झाली. कडा डोळ्यांना दिसतात त्याच्याही पलीकडे पेशी गेलेल्या असतात, म्हणून ती मोठी करावी लागली. आई आता बरी आहे, दर सहा महिन्यांनी तपासणी.

दोन वर्षांत तीन डॉक्टर झाले. तिघांनीही चांगली वागणूक दिली. तुकडा काढू या असं मात्र कुणीच म्हणालं नाही.


टिटवी

बायोप्सी म्हणजे तिथे सुई टोचणार? नुसतं वाचून पोटात गोळा आला.


रानजाई

मीही घाबरले होते. आधी बधिर करणारं क्रीम लावून अर्धा तास बसवलं, मग बारीक सुई. ती सुई झोंबली, दहा मोजेपर्यंत. नंतर दाब जाणवला, दुखलं नाही. पेन्सिलीच्या टोकाच्या खोडरबराहून लहान तुकडा, ४ मिलिमीटरचा. एक टाका. दोन दिवस लघवीला जपून. बाळंतपण झालेल्या बाईने याला घाबरू नये, असं मला सांगितलं होतं. ते मला अजिबात आवडलं नव्हतं, म्हणून तुला तसं सांगत नाही. घाबरलीस तरी चालेल, पण करून घे.


पानझड

आणि सगळ्यांनाच लागत नाही. नेहमीसारखं दिसणारं, मलमाला लगेच दाद देणारं असेल तर काही जण लगेच करत नाहीत. पण भरून न येणारी जखम, कडक गाठ, जाड उंचवटा, नवा काळा डाग, एकाच बाजूचा हट्टी चट्टा, किंवा नीट उपचार करूनही सुधारणा नाही, तर तुकडा तपासलाच पाहिजे. मलम आधीच बरेच दिवस चालू असेल तर तसं सांगा, कारण मलमामुळे तपासणीत आजार लपू शकतो.


शून्यमनस्क

पुरुष आहे, लिहू का? बायकोला हे निदान चार महिन्यांपूर्वी झालं. ती जवळ येत नव्हती तेव्हा मला वाटायचं माझ्यात काही कमी पडतंय. आता कळलं तिला किती दुखत होतं. मी काय करावं?


मेघवेडी

लिहिलंत हे बरं केलंत. घाई नका करू. जवळ येणं म्हणजे तेवढंच नसतं, हे तिला शब्दांनी सांगा, तिला ते ऐकायचं असेल. कातडी शांत झाल्यावर, बिनवासाचं वंगण भरपूर, आणि थांब म्हटलं की थांबायचं. तपासणीला बरोबर जा, बाहेर बसलात तरी चालेल.


सोनसाखळी

मी वर पाल्याचा रस म्हणाले होते. सगळं वाचलं. मला स्वतःलाच पाच वर्षं तिथे बारीक बारीक दाणे आहेत, ते मस आहेत समजून मी ते सगळं करत होते. आता दाखवायला जाते.


पानझड

जरूर दाखवा. आतल्या पाकळीवर दोन्हीकडे सारखे, मऊ, एका रांगेत, प्रत्येक दाणा मुळाशी वेगळा असे असतील, तर ती बहुधा निसर्गाचीच घडण असते. मस मुळाशी एकत्र येतात. पिवळसर बारीक ठिपके तेलग्रंथींचे असू शकतात. त्यांनाही काही करायचं नसतं. विनाकारण जाळून घेऊन आलेल्या बायका बघितल्यात मी.


टिटवी

तीन महिन्यांनी धागा वर काढतेय. दाखवून आले. माझं लायकेन स्क्लेरोसस नाही! खाजवून खाजवून कातडी जाड, खरबरीत, हत्तीच्या कातडीसारखी झालीय, लायकेन सिम्प्लेक्स. सुरुवात ओल्या टिश्यूंनी झाली असावी. दिवसातून सहा-सात वेळा वापरायचे, स्वच्छतेच्या नादात. खाज, मग खाजवणं, मग जाड कातडीला आणखी खाज, असं चक्र. रात्री झोप यावी म्हणून गोळी, थोडे आठवडे मलम, नखं बारीक, टिश्यू कचऱ्यात. माझं मलम काही दिवसांनी बंद होणार आहे म्हणे. ताई, तुमचंही आता बंद झालं का?


रानजाई

नाही गं. मी मधे एकदा करून बघितलं. दोन महिने छान गेले, मला वाटलं झालं बरं. तपासायला गेले तर खाज शून्य, तरी डाव्या बाजूला नवा पांढरा पट्टा. त्रास होत नव्हता म्हणून मला कळलंही नव्हतं. आता आठवड्यातून दोनदा, सोमवार आणि शुक्रवार, कायमचं. नवी ट्यूब उघडली की तिच्यावर पेनाने तारीख टाकते, म्हणजे डॉक्टरांना हिशेब देता येतो. मागची पाच महिने गेली.

कुंपण, तुमची कुठवर आलीय?


कुंपण

अर्धी. परवा पांढरं कमी दिसलं, पण माझी नजर फसवत असेल म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. मंगळवारी तपासणी आहे.